स्ट्रॉफ्लॉवर वाळवल्यावर उलटं होतं, मधून कापूस सुटतो, मान मोडते. चुकतंय कुठे?

पुरंदरचा_वाफा

राम राम मंडळी. स्ट्रॉफ्लॉवर (बियाण्याच्या पाकिटावर हेलिक्रायसम) अर्ध्या गुंठ्यावर लावला आहे. सासवडजवळ, मध्यम काळी जमीन, थोडी चुनखड. उंच वाढणारं मिश्र रंगाचं बियाणं, पेरणी ऑक्टोबरच्या शेवटी, फुलं फेब्रुवारीत. झाडं चांगली, फुलं टपोरी. अडचण वाळवताना येते.

फूल पूर्ण उमललं की कापलं, दहा-बारा काड्यांची जुडी सुतळीने बांधली आणि पत्र्याच्या शेडमध्ये उलटी टांगली. छपरात उजेडासाठी दोन पारदर्शक पत्रे आहेत. तीन आठवड्यांनी निघालं ते असं:

– बऱ्याच फुलांच्या पाकळ्या पार मागे वळल्या, वाऱ्याने उलटलेल्या छत्रीसारख्या. मधला भाग तपकिरी, बोट लावलं की कापूस उडतो.
– काड्या जुडीतून सटकून खाली पडल्या.
– उरलेल्यांची मान फुलाच्या खालीच वाकली किंवा मोडली.
– गुलाबी फिका पडला. पिवळा मात्र जसाच्या तसा.

शिवाय जानेवारीत शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या अशी झाली होती. युरिया दिला, काही फरक नाही.

पुढच्या हंगामात दोन गुंठे करायचे आहेत. बियाणं किती, पेरणी कधी, आणि मुख्य म्हणजे कापायचं कधी?

---

कोरडा_माळा

तुमच्या पाचातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ एकच आहे, "पूर्ण उमललं की कापलं". या फुलाला ते चालत नाही. पूर्ण उमललेलं स्ट्रॉफ्लॉवर वाळवण्यासाठी तीन-चार दिवस उशिरा कापलेलं असतं.

आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो त्या पाकळ्या नाहीतच. ती सहपत्रं, रंगीत आणि मुळातच कागदासारखी कोरडी. खरी फुलं म्हणजे मधल्या चकतीतल्या बारीक पिवळ्या नळ्या. सूर्यफूल, झेंडू यांच्याच कुळातलं झाड आहे. फूल कापलं तरी काडीत आणि मधल्या गादीत (फुलाचा बुडाचा जाड भाग, ज्यावर सहपत्रं आणि नळ्या बसतात) ओलावा असतो, त्यावर ते उमलतच राहतं. कापताना चकती उघडी असेल तर तोवर बी धरायला सुरुवात झालेली असते. मग टांगल्या जागी बी पिकतं, बियांवरचे केस फुलतात आणि सहपत्रं मागे ढकलली जातात. तुम्ही पाहिलेला कापूस हाच.

कापायची खूण अशी. बाहेरच्या दोन, फार तर तीन ओळी उघडलेल्या, आतल्या अजून मिटलेल्या, मधली चकती अजिबात दिसत नाही. वरून पाहिलं तर मध्ये रंगीत टोपी दिसली पाहिजे. ती टोपी वाळताना आपोआप सुटते आणि वाळलेलं फूल बरोबर अर्धगोल होतं. नवख्याला हे फूल फारच कोवळं वाटतं. मनाची खात्री करायची तर एकाच दिवशी पाच कळ्या रंग दिसताच, पाच एक ओळ उघडल्यावर, पाच दोन ओळींवर आणि पाच चकती दिसल्यावर कापा, चिठ्ठ्या लावून शेजारी शेजारी टांगा. पंधरा दिवसांनी कुणाला विचारायची गरज उरणार नाही. रंग दिसलेली कळीसुद्धा सुंदर वाळते, बारीक कामाला तीच लागते.

दुसरी गोम वेळेची. सहपत्रं दमट हवेत मिटतात, कोरड्या हवेत उघडतात. पहाटे दवात सगळाच वाफा कळीसारखा दिसतो, त्यात चार दिवसांची जुनी फुलंही निरागसपणे मिटून बसलेली असतात. त्या वेळी कापलं की जुनी-नवी सरमिसळ झालीच. दव सुकू द्या. हिवाळ्यात तुमच्याकडे साडेदहा-अकराच्या पुढे फुलं खरा चेहरा दाखवतात. ओलं फूल जुडीत बांधलं तर आत बुरशी येते, हे वेगळंच.

आणि फेरी एक दिवसाआड. आठवड्यातून एकदा कापायला गेलात तर निम्मी फुलं हुकलेली सापडणार. हुकलेली झाडावर ठेवू नका, खुडून टाका, नाहीतर झाड बी धरायला लागतं आणि पुढच्या कळ्या बारीक येतात.

आता टांगणं. काडी वाळताना आकसते, सुतळीची गाठ तेवढीच राहते, म्हणून काड्या सटकतात. रबर बँड वापरा, तो काडीबरोबर आवळत जातो. जुडी आठ-दहा काड्यांचीच, आणि डोकी एकाच पातळीत नको, खालीवर ठेवा म्हणजे एकमेकांत दाबून चपटी होत नाहीत. सगळी पानं आधी ओरबाडून काढा. पानांमुळे जुडीत ओल टिकते.

पत्र्याची शेड वाईट नाही, दुपारची गरम कोरडी हवा उपयोगीच आहे. वाईट आहेत ते पारदर्शक पत्रे. गुलाबी आणि जांभळट छटा उजेडाने उडतात, पिवळा आणि पांढरा तग धरतो. त्या पत्र्यांखाली काळं कापड ताणा किंवा गोणपाट बांधा. हवा खेळती ठेवा. तुमच्या भागात जानेवारी-फेब्रुवारीत दोन आठवडे पुरतात.

झालं की नाही ते सहपत्रांवरून ठरवू नका, ती पहिल्या दिवसापासून कुरकुरीतच असतात. फुलाच्या लगेच खाली काडी वाकवून पाहा. कट्कन मोडली पाहिजे. मग फूल उलटं करून बुडाच्या गादीला नख लावा. नख रुतलं तर अजून चार दिवस. ही गादी सगळ्यात शेवटी वाळते आणि खोक्यात भरल्यावर बुरशीची सुरुवात तिथूनच होते.

सिलिका जेलमध्ये पुरून वाळवा असं कुणी सांगेल. गुलाबासाठी ते ठीक, इथे खर्च वाया. जे मुळात कागद आहे ते कशाला पुरायचं?

---

गादीवाफा

माळ्यावरचं सगळं वर आलंय, मी वाफ्यापासून सांगतो.

बी बारीक असतं, एका ग्रॅममध्ये साधारण १२०० ते १५०० दाणे. ९० सेंटीमीटर माथ्याचा गादीवाफा, ४५ ची सरी, वाफ्यावर तीन ओळी, ओळीत ३० सेंटीमीटर. या हिशेबाने गुंठ्याला साडेसातशेच्या आसपास रोपं बसतात. उगवण आणि मर धरून गुंठ्याला १ ग्रॅम बियाणं लागतं, तुम्हाला २. अडीच ग्रॅम घ्या, सांधायला (मेलेल्या रोपांच्या जागी लावायला) रोपं उरतात. २५ सेंटीमीटरवर रोपं जास्त बसतील, पण आत हवा खेळत नाही आणि भुरी-केवडा या पानांवरच्या बुरशीजन्य रोगांना निमंत्रण.

पाकीट निवडताना उंची वाचा. 'किंग साइझ' या मालिकेतली झाडं तीन फुटांच्या आसपास जातात, कापायला तीच. 'ब्राइट बिकिनी' ठेंगणी, कुंडीची, तिला लांब काडी मिळत नाही. मिश्र रंग घेऊ नका. विकताना प्रत्येक रंगाची वेगळी जुडी लागते आणि मिश्र वाफ्यात वेचण्यात अर्धा दिवस जातो. चार रंगांची चार पाकिटं घ्या.

नावातही गोंधळ आहे. हे झाड मूळ ऑस्ट्रेलियाचं. बियाणेवाले अजून हेलिक्रायसम लिहितात, वनस्पतिशास्त्रात ते झेरोक्रायसम ब्रॅक्टिएटम झालं आहे. दोन्ही नावांनी मिळालं तर तेच समजा. मात्र ज्यापासून सुगंधी तेल काढतात ते हेलिक्रायसम इटालिकम वेगळं, त्याला असली फुलं येत नाहीत. ऑनलाइन मागवताना पाकिटावरचं दुसरं नाव बघूनच पैसे भरा.

पेरणी ५ ते १५ सप्टेंबर, दुसरी खेप तीन आठवड्यांनी. ऑक्टोबरअखेर पेरल्यामुळे तुमची फुलं फेब्रुवारीत आली आणि मार्चअखेरीच्या उन्हात आटोपती घ्यावी लागतील. ऊन ३५ अंशांच्या वर जायला लागलं की फूल लहान येतं आणि एका दिवसात चकती उघडतं. सप्टेंबरची पेरणी म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून फुलं, आणि तो काळ दवाचा असला तरी दुपार कोरडी मिळते.

१०४ खणांचा ट्रे, कोकोपीट. इथे हमखास एक चूक होते. मिरची-टोमॅटोच्या सवयीने ट्रे एकावर एक रचून काळ्या कागदाखाली झाकतात. या बियाला उगवायला उजेड लागतो. बी कोकोपीटवर नुसतं टेकवायचं, वर माती नको, ट्रे सुटे मांडायचे. पाणी झारीने धो धो नाही, बारीक फवाऱ्याने, नाहीतर दाणे एका कोपऱ्यात वाहून जमतात. सात ते दहा दिवसांत उगवण. चार ते पाच आठवड्यांची, चार-सहा पानांची रोपं लावा. म्हणजे लावणी १० ते २० ऑक्टोबर, परतीचा पाऊस आटोपल्यावर. ट्रेवर मात्र आधी पावसाचं छप्पर पाहिजे, नुसती शेडनेट पुरत नाही.

लावणीनंतर रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. पाच-सहा फुटवे निघतात आणि सारख्या जाडीच्या काड्या मिळतात.

ठिबक दिवसाआड, वाफसा (माती ओलसर पण चिखल नाही अशी स्थिती) बघून. या झाडाला ओल्या पायाचं वावडं आहे. दुपारी कोमेजलेलं रोप संध्याकाळी सावरत नसेल आणि माती ओली असेल, तर पाणी वाढवू नका. उपटून मुळं बघा. तपकिरी, साल निसटणारी मुळं म्हणजे मर, आणि ती बहुतेक वेळा आपणच पाण्याने आणलेली असते.

---

मुरमाड

शेंडा खुडण्याबद्दल थोडं वेगळं मत. सप्टेंबरच्या पेरणीला जरूर खुडा. दुसऱ्या खेपेला खुडू नका. खुडल्याने पहिलं फूल दहा-पंधरा दिवस पुढे जातं, आणि उशिराच्या खेपेला ते दिवस आपल्याकडे नसतात. न खुडलेल्या झाडाचं मधलं पहिलं फूल आखूड मानेचं येतं, ते लवकर कापलं की बाजूचे फुटवे सुटतातच.

आता पिवळी पानं, हिरव्या शिरा. शेंड्याकडची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे लोहाची कमतरता. नत्र कमी पडलं तर खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात, आणि सरसकट पडतात. म्हणून युरियाने काही झालं नाही. झालं असलंच तर नुकसान: नत्राने काडी पोकळ मऊ वाढते, आणि मऊ काडीची मान वाळताना आधी मोडते.

जमिनीत लोह नाही असं नसतं. चुनखडीच्या जमिनीचा सामू (पीएच) ८ च्या आसपास गेला की ते झाडाला घेता येत नाही. या झाडाला किंचित आम्ल जमीन आवडते, सामू ६ च्या आगेमागे. तुमच्या काळ्या रानात तेवढा खाली आणणं शक्य नाही, त्या नादी लागू नका. मार्ग तीन.

एक, जागा बदला. रानात लाल किंवा मुरमाड पट्टा असेल तर तोच द्या, भले तो हलका का असेना. हलक्या जमिनीत झाड लहान, पण काडी कडक.

दोन, काळ्यातच लावायचं तर वाफा निदान ३० सेंटीमीटर उंच करा, गुंठ्याला १०० ते १५० किलो पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळा. वर वेगळं नत्र देऊ नका. कच्चं शेणखत तर नकोच.

तीन, लोह द्या, पण कोणतं ते बघून. बाजारात लोह चिलेट म्हणून, म्हणजे झाडाला घेता येईल अशा बांधलेल्या रूपात मिळतं. त्यातलं ईडीटीए चिलेट चुनखडीच्या जमिनीत टिकत नाही. ठिबकमधून द्यायचं तर ईडीडीएचए लिहिलेलं घ्या, महाग आहे पण चालतं तेच. स्वस्तातला उपाय म्हणजे फवारणी. लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल, संध्याकाळी, आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा. द्रावण त्याच दिवशी संपवा, तांबूस झालं की गेलं. आधी पाच झाडांवर मारून दोन दिवस पानं करपतात का बघा.

हे सगळं कळीला रंग दिसण्याआधी उरकायचं. एरवी फुलावरचे डाग पाकळीबरोबर गळून जातात. इथे पाकळी गळत नाही आणि धुताही येत नाही, औषधाचा डाग वर्षभर गिऱ्हाइकाच्या भिंतीवर लटकतो. भुरीला पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, तेही कळ्यांच्या आधीच. नंतर फक्त रोगट पानं काढणं आणि हवा खेळती ठेवणं. केवडा आला (पानावर वरून पिवळे चट्टे, खालून पांढुरकी लव) तर ती झाडं उपटून लांब टाका. मावा शेंड्यावर दिसला तर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा कळ्या येईपर्यंत पुरतो.

जमिनीपासून ३५-४० सेंटीमीटरवर नायलॉनच्या जाळीचा एक थर ताणा. झाड कललं की काडी वर वळून वाढते, आणि वाकडी काडी वाळवून सरळ होत नाही.

---

खाडीकाठ

मध्येच विचारतो. रत्नागिरीकडे हवा दमट. इथे टांगलेली फुलं दुपारी उघडतात, रात्री मिटतात, महिना झाला तरी मान कट्कन मोडत नाही. काही उपाय?

---

कोरडा_माळा

किनाऱ्यावर नुसत्या हवेने वाळवणं अवघड, कारण रात्री हवेतली ओल गादी परत पिते. दिवसा कमावलेलं रात्री जातं. बंद करता येईल अशी लहान खोली किंवा कपाट घ्या, आत ३५ ते ४० अंश ठेवा, वर झडप आणि खाली फट, म्हणजे ओली हवा बाहेर पडेल. बल्ब लावायचा तर फुलांपासून दूर आणि आडोशाला, उजेड थेट पडता कामा नये. सलग चार-पाच दिवस, मध्ये बंद न करता. लांब काडीचा हट्ट सोडा, फक्त डोकी तारेवर घेऊन वाळवलीत तर ओलावा कितीतरी कमी काढावा लागतो. खोलीतून काढलं की थंड होताच डब्यात, रात्रभर बाहेर नाही.

---

पुरंदरचा_वाफा

मंडळी, बरंच लख्ख झालं. बिया आणि कापणी समजली. मानेचा प्रश्न उरतोच. तार घालतात असं ऐकलंय, पण वाळलेल्या फुलात घालायला गेलो तर फूलच फुटतं. आणि फेब्रुवारीचा माल गौरी-गणपतीपर्यंत ठेवायचा तर पावसाळ्यात त्याचं काय करायचं?

---

कोरडा_माळा

तार ओल्या फुलात, कापल्याच्या दिवशीच. फुलाखाली २ सेंटीमीटर काडी ठेवून बाकी छाटा. २० किंवा २२ गेजची तार काडीच्या कापातून वर सरकवा, गादीत रुतल्याचं बोटाला जाणवलं की थांबा. समोरून टोक बाहेर आलं तर जास्त गेली. वाळताना गादी आणि काडी तारेभोवती आवळतात, शिवाय ओलाव्याने तार किंचित गंजते आणि घट्ट चिकटते. म्हणून साधी लोखंडी तार घ्या. जस्ताचा मुलामा असलेली गुळगुळीत राहते आणि फूल फिरतं. बांधकामाची बाइंडिंग वायर स्वस्त पडते, पण ती मऊ, वीतभर लांबीपर्यंतच तग धरते. तार घातलेली फुलं थर्मोकोलच्या तुकड्यात किंवा वाळूच्या डब्यात उभी खोचून वाळवा, टांगायची गरज नाही. नंतर हिरवी किंवा तपकिरी टेप गुंडाळली की काडी तयार.

सगळ्याच फुलांना तार नको. फुटव्याचं मुख्य फूल दोन ओळींवर आणि बाजूच्या कळ्यांना नुकता रंग, अशी अख्खी फांदी कापून टांगा. तिला लहानमोठी डोकी येतात, लहान डोक्यांच्या माना वजन पेलतात, आणि गुच्छात ती तारेच्या फुलापेक्षा खरी दिसते. टपोऱ्या एकेरी फुलांना तेवढी तार. ज्यांची मान आधीच तुटली आहे ती टाकू नका, तोरणाला आणि दारावर लावायच्या फुलांच्या गोल चक्राला डोकीच लागतात, ग्लू गनने बसतात.

साठवण: मान आणि गादी दोन्ही परीक्षा पास झालेला मालच भरा. जाड पुठ्ठ्याचं खोकं, आत मोठी प्लास्टिक पिशवी, तळाला सिलिका जेलच्या पुड्या, फुलं वर्तमानपत्राच्या थरात, पिशवीचं तोंड बांधलेलं. मे महिन्यातच, हवा कोरडी असताना. जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर भरलंत तर आतली हवाच ओली कोंडाल. निळ्या दाण्यांची पुडी एक ठेवा, गुलाबी झाली की दाणे कढईत मंद आचेवर गरम करून परत निळे करा. हे खोकं खाण्याच्या वस्तूंजवळ नको, आणि ती कढईही मग स्वयंपाकाला नको.

पावसाळ्यात बुरशीइतकाच त्रास किड्याचा. वाळलेल्या मालात लागणारा बारीक तपकिरी भुंगा, तंबाखू आणि मसाल्यात सापडतो तोच, गादी पोखरतो. खोक्याच्या तळाशी पीठ दिसलं की तो आलाच. त्या फुलांची हवाबंद पिशवी सात दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड फुलांवर दव धरतं आणि सगळी वाळवण पाण्यात.

पावसात खोकं उघडल्यावर फुलं मिटलेली दिसली तर घाबरू नका. कोरड्या खोलीत पंख्याखाली तासभर ठेवली की उघडतात.

---

गादीवाफा

एक राहिलं. वाळवण्याआधी ताजी जुडीही विकता येते. पाण्यात आठवडाभर सहज टिकते, फक्त पानं फुलाआधी मरगळतात, म्हणून ती काढूनच द्या. ताज्यासाठी तीन-चार ओळी उघडलेलं फूल चालतं. म्हणजे एक दिवसाआडच्या फेरीत जे वाळवायच्या टप्प्याच्या किंचित पुढे गेलं आहे ते ताज्या जुडीत, चकती दिसली ते उकिरड्यावर. दोन बादल्या घेऊनच वाफ्यात शिरा.

अन् दोन गुंठ्यांत कडेची एक ओळ बटन फुलाला (गोम्फ्रीना) आणि एक कोंबड्याला (सेलोशिया) द्या. दोन्ही तशीच टांगून वाळतात, फक्त ती पूर्ण पक्व झाल्यावर कापायची, स्ट्रॉफ्लॉवरच्या बरोबर उलट. कामाला येणाऱ्या बायांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या बटनं कोवळी कापतील आणि स्ट्रॉ पिकवतील.